तापकीर गल्लीतलं ४५० रुपयांचं सर्किट किट: घ्या, पण पुस्तिकेचं सहावं पान बाजूला ठेवून

माझी भाची यंदा नववीला, मराठी माध्यम, आणि धाराविद्युतचा धडा शाळेत होऊन गेला तरी पोरगी अडकलेली. अडकलेली म्हणजे उत्तरं सगळी पाठ, एकसर जोडणीत (म्हणजे सिरीज, सगळं एकामागे एक) सगळीकडे विद्युतधारा, म्हणजे करंट, सारखीच असते हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल, पण मी विचारलं की बाळा, सेलमधून निघालेला करंट पहिल्या बल्बमधून गेला, आता दुसऱ्या बल्बला किती मिळणार, तर लगेच म्हणाली "उरलेला". हे उत्तर मी ट्यूशनमध्ये गेली कित्येक वर्षं ऐकतेय, हुशार मुलंसुद्धा हेच सांगतात, आणि फळ्यावर आकृती काढून हे डोक्यातून जात नाही, हातात बल्ब आणि वायर द्यावीच लागते. म्हणून गेल्या महिन्यात पुण्यात बुधवार पेठेत दुसऱ्या कामाला गेले होते तेव्हा तापकीर गल्लीतल्या एका दुकानातून हे शाळेच्या मुलांसाठीचं सर्किट किट घेतलं, ४५० रुपयांना, सांगितले होते ५५०. तीन आठवडे रोज वापरून झालंय, आता लिहायला हरकत नाही.

बॉक्समध्ये काय येतं ते आधी सांगते. दोन पेन्सिल सेलचा डबा, प्लॅस्टिकच्या पट्टीवर बसवलेले तीन होल्डर, फिरवून बसवायचे तीन छोटे टॉर्चचे बल्ब, एक उघडा पात्याचा स्विच (खाली-वर करायचा, डोळ्याला दिसतो तसा, हे फार चांगलं केलंय), दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या सहा वायरी, एक छोटी मोटर आणि तिच्यावरचा प्लॅस्टिकचा पंखा, आणि सोळा पानांची मराठी पुस्तिका. सेल आपले आपण आणायचे. करंट-व्होल्टेज मोजायचा मीटर नाही, आणि ही माझी एक मोठी तक्रार, त्यावर येतेच.

होल्डर खरंच चांगले आहेत. पितळेचे आहेत, आटे नीट आहेत, मुलांनी शंभर वेळा बल्ब काढला-बसवला तरी ढिले झाले नाहीत. स्विचचं पातं पण घट्ट बसतं. वायरी मात्र मार खातात. आतमध्ये तांब्याच्या चार-पाच तारा, आणि चिमट्याला सोल्डर केलेलं नाही, नुसतं दाबलेलं, त्यामुळे सहापैकी दोन वायरी पहिल्याच आठवड्यात चिमट्यापाशी सुटल्या. मी बाबांच्या हाताखाली वाढलेली, त्यांचं कराडला मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे मोटरमधली तार नव्याने गुंडाळून द्यायचं, दुकान होतं, सोल्डरिंग मला येतं म्हणून अर्ध्या तासात सहाही वायरी पक्क्या केल्या, पण ज्याच्या घरी सोल्डरिंग गन नाही त्याने काय करायचं. आणि एकसर जोडणीत हे जास्तच नडतं कारण रस्ता एकच असतो, एक चिमटा लूज असेल तर तो पण एक रोधच (करंटला अडथळा) झाला की, सगळे बल्ब मंद होतात आणि पोरांना वाटतं सेल उतरले.

आता पहिल्या संध्याकाळची गोष्ट, कारण या किटचं सगळं बरंवाईट त्या एका संध्याकाळी कळलं.

भाचीने पुस्तिका उघडून दोन बल्ब एकामागे एक लावले, सेलचा डबा, स्विच, पहिला बल्ब, दुसरा बल्ब, परत डबा. स्विच खाली केला तर पहिला बल्ब छान पिवळा पेटला आणि दुसऱ्यात नुसती लाल रेघ. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ मावशी, पहिल्याने खाल्ला ना करंट." आणि पुस्तिकेच्या सहाव्या पानावर चक्क तेच छापलंय, की पहिल्या बल्बमध्ये करंट खर्च होतो आणि दुसऱ्याला कमी पोचतो म्हणून तो मंद दिसतो. मला वाचून घाम फुटला. शाळेच्या मुलांसाठी म्हणून विकताय आणि त्यात हे लिहिताय, म्हणजे जी चूक काढायला किट आणलं तीच चूक छापील पुराव्यासकट घरात आली.

मी काही बोलले नाही, नुसतं म्हणलं दोन्ही बल्ब काढ आणि एकमेकांच्या जागेवर लाव. तिने लावले. स्विच खाली. आता "पहिल्या" जागेवरचा बल्ब मंद आणि "दुसऱ्या" जागेवरचा झगझगीत. पोरगी गप्प. परत अदलाबदल केली, परत तेच. मग डब्याच्या वायरी उलट केल्या, प्लस मायनस बदललं, काही फरक नाही. मंद बल्ब कुठेही ठेवा, मंदच. म्हणजे जागेचा संबंधच नाही, बल्बाचा आहे. मग तिनेच बल्ब दिव्याखाली धरून पितळी टोपीवर कोरलेलं बारीक वाचलं, एकावर २.५ व्होल्ट ०.३ अँपिअर आणि दुसऱ्यावर २.५ व्होल्ट ०.५ अँपिअर. किट भरणाऱ्याने तीन बल्बांत एक वेगळाच टाकला होता.

हे खरं तर किटचं वैगुण्य, पण माझ्यासाठी लॉटरी लागली म्हणायची. कारण मग आम्ही दोन्ही बल्ब एकेकटे लावून बघितले, आणि एकटा लावला की तो ०.५ वाला मंद बल्बच जास्त झगझगीत पेटतो! एकटा असताना जो दांडगा तो एकसर जोडणीत मलूल. भाची म्हणाली "हे कसं काय," आणि हा प्रश्न तिच्या तोंडून निघावा म्हणून तर सगळा खटाटोप.

इथे मी माझा पिवळा मल्टिमीटर काढला, तो दोनशे-तीनशेत मिळणारा साधा. करंट मोजायचा तर मीटर रस्त्यातच घालायचा, वायर सोडायची आणि मधे मीटर, म्हणजे मीटरसुद्धा एकसर. लाल पिन १० अँपिअरच्या भोकात (मिलिअँपिअरच्या भोकात घालू नका, तिथला फ्यूज बारीक असतो, माझ्या ट्यूशनच्या एका मुलाने घालवलाय). सेल आणि पहिल्या बल्बच्या मधे ०.२७ अँपिअर. दोन बल्बांच्या मधे ०.२७. दुसऱ्या बल्बनंतर सेलकडे परत जाताना ०.२७. भाचीने तिन्ही जागा दोनदा मोजल्या, एकदा माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून आणि एकदा मीटरवर नव्हता म्हणून. उरलेला वगैरे काही नसतं, जेवढा आत जातो तेवढा बाहेर येतो, कारण वायरीतले इलेक्ट्रॉन कुठे साठत नाहीत आणि कुठे संपत नाहीत, सायकलच्या चेनसारखं, चेनची एक कडी सरकली की सगळ्या एकदमच सरकतात, पेडलपाशी जोरात आणि मागच्या चाकापाशी हळू असं होत नाही.

मग वाटून काय घेतलं जातं? व्होल्टेज. पुस्तकात विभवांतर म्हणतात ते. मीटर व्होल्टवर ठेवून बल्बाच्या दोन टोकांना लावला, आता वायर सोडायची नाही, नुसतं दोन्ही बाजूंना टेकवायचं. ०.३ वाल्यावर २.०३ व्होल्ट, ०.५ वाल्यावर ०.८१, आणि सेलच्या डब्यावर २.८४. बेरीज करा. पोरीने वहीत लिहून बेरीज केली आणि पेन खाली ठेवून हसली. ज्याचा रोध जास्त त्याने व्होल्टेजचा मोठा वाटा घेतला, करंट दोघांत सारखाच, मग व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की कळतं उजेड कोणाचा जास्त. बाबांच्या दुकानात हे रोज दिसायचं, २३० व्होल्टवर २५ वॉटचा आणि १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावला की २५ चा पेटायचा आणि १०० चा जवळपास विझलेला. हा प्रयोग घरी मुलांना करू देऊ नका, दोन सेलवर जे दिसतं ते पुरेसं आहे.

पुस्तिकेत पुढचं एक कोष्टक आहे, एक बल्ब, दोन बल्ब, तीन बल्ब लावल्यावर करंट निम्मा, एक तृतीयांश असं. गणितात बरोबर आहे पण बल्बवर येत नाही आणि मुलं मग गोंधळतात. मी पुढच्या शनिवारी दुकानात जाऊन तो वेगळा बल्ब बदलून आणला, तीन एकसारखे झाले, मग मोजलं. एक बल्ब ०.३२, दोन बल्ब ०.२२, तीन बल्ब ०.१८. निम्मा म्हणजे ०.१६ यायला हवा होता ना? नाही येत, कारण बल्बातली टंगस्टनची तार थंड असताना तिचा रोध अगदी कमी असतो आणि तापली की कितीतरी पटीने वाढतो. बल्ब विझलेला असताना मल्टिमीटरने मोजला तर दीड ओहमच्या (ओहम म्हणजे रोधाचं माप) आसपास दाखवतो, आणि पेटलेला असताना २.८ व्होल्टला ०.३२ अँपिअर म्हणजे जवळजवळ ९ ओहम. दोन बल्ब लावले की दोघेही कमी तापतात, रोध थोडा उतरतो, म्हणून करंट निम्म्यापेक्षा जास्त राहतो. उजेड मात्र निम्म्याहून खूपच खाली जातो, तीन बल्बांना तर खोलीतला दिवा घालवल्यावरच तारा लालसर दिसतात. पुस्तिकेत याच्याबद्दल एक ओळ हवी होती.

पुस्तकासारखी उत्तरं पाहिजे असतील तर बल्ब सोडून रोधक, म्हणजे रेझिस्टर, वापरा. त्याच भागात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात रोधक रुपया-दोन रुपयांना मिळतात, मी १०, २२ आणि ३३ ओहमचे आणले. एकामागे एक जोडले की ६५ ओहम, नव्या सेलच्या ३.१ व्होल्टवर ४७-४८ मिलिअँपिअर, आणि तिघांवरचं व्होल्टेज साधारण ०.४८, १.०५, १.५७. बेरीज परत ३.१. थोडं इकडेतिकडे येतं कारण सोनेरी पट्टीवाल्या रोधकात पाच टक्के कमीजास्त चालतं, पण परीक्षेत जी गणितं येतात ती तशीच्या तशी टेबलावर दिसतात. किट बनवणाऱ्याने हे तीन रोधक टाकले असते तर खर्च पाच रुपये वाढला असता.

आता जे मला सगळ्यात जास्त आवडलं ते. तीन बल्ब पेटलेले असताना मधला बल्ब फिरवून काढला की तिन्ही विझतात, हे सगळ्यांना माहिती आहे, माळेतला एक बल्ब गेला की सगळी माळ जाते ते हेच. पण विझल्यावर मीटर लावून बघा. पेटायचं थांबलेल्या दोन बल्बांवर शून्य. आणि रिकाम्या होल्डरवर, जिथे काहीच नाही तिथे, पूर्ण ३ व्होल्ट. भाची म्हणाली, मावशी, सगळं व्होल्टेज त्या भोकात जाऊन बसलं. बरोबर बोलली. करंट शून्य, म्हणून बल्बांवर काही पडत नाही, आणि सगळं विभवांतर तुटलेल्या जागी उभं राहतं. लहानपणी गणपतीच्या मखराला सहा सहा व्होल्टच्या बल्बांची माळ घरीच करायचे, २३० भागिले ६ म्हणजे अडतीस-एक बल्ब, आणि गेलेला बल्ब शोधायला एकेक काढून बघायचे, प्लग तसाच ठेवून. बाबा कोणी प्लग न काढता माळेला हात लावला की ओरडायचे, तेव्हा वाटायचं सहा व्होल्टच्या बल्बाला काय घाबरायचं. पेटलेला असताना एका बल्बावर सहाच व्होल्ट असतात, पण बल्ब काढलेल्या होल्डरच्या दोन टोकांत सगळे २३० येतात. त्या होल्डरमध्ये बोट जाईल त्याला सहा नाही मिळणार. हे मी ट्यूशनच्या सगळ्या मुलांना आता या किटवर दाखवते आणि मगच माळेचं सांगते. हल्लीच्या एलईडी माळांत बरेचदा तुकडे तुकडे वेगळे सिरीजमध्ये असतात, म्हणून आख्खी न जाता एक पट्टा जातो, आतलं तत्त्व तेच.

मोटरचं मला आधी वाटलं खेळणं म्हणून दिलीय, पण ती एका बल्बबरोबर सिरीजमध्ये लावून बघाच. पंखा मोकळा फिरत असेल तर बल्ब मंद. पंख्याला हलकं बोट लावून थांबवला की बल्ब उजळतो, सोडला की परत मंद. मुलं हे वीस वीस मिनिटं करत बसतात. फिरती मोटर स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते म्हणून करंट कमी घेते, अडवली की ते उलट व्होल्टेज जातं आणि करंट वाढतो, आणि रस्ता एकच असल्यामुळे बल्ब लगेच सांगतो. बाबांच्या दुकानात भिंतीवर लाकडी पट्टीवर एक होल्डर आणि एक सॉकेट असलेला सिरीज बोर्ड होता, आलेली प्रत्येक मोटर आधी १०० वॉटच्या बल्बच्या सिरीजमध्ये लावायची, बल्ब फुल पेटला म्हणजे आत शॉर्ट, मंद पेटला म्हणजे पुढे बघू, पेटलाच नाही तर वाइंडिंग तुटलंय. कुठल्याही वायरमनला विचारा, अजून हेच करतात. शॉर्ट असली तरी फ्यूज उडत नाही कारण बल्बच करंटला आवर घालतो. पुस्तकात एकसर जोडणीचा उपयोग म्हणून हे एक उदाहरण आलं तर किती बरं होईल. तसा घरातला प्रत्येक स्विच आणि फ्यूज पण सिरीजमध्येच असतो, उपकरणं एकमेकांना समांतर आणि त्यांना बंद करणारी गोष्ट सिरीज, नाहीतर ती बंद कसं करणार.

सेलच्या डब्याबद्दल एक. दोन्ही सेल सरळ घातले की दीड आणि दीड तीन, एक उलटा घातला की शून्य, बल्ब पेटत नाही. हे मुद्दाम करून दाखवा. सेल सिरीजमध्ये रचायचं हे व्होल्टाने १८०० सालीच केलं, धातूच्या चकत्या आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कापड, थर वाढवला की जोर वाढतो. डब्याची स्प्रिंग थोडी आखूड आहे, हलक्या सेलला नीट टेकत नाही, मी कागदी नोटेएवढी चांदीची कागदपट्टी, म्हणजे चॉकलेटची, घडी करून घातली.

तक्रारी परत एकदा, कारण याच दुरुस्त झाल्या तर हे किट मी डोळे झाकून सुचवीन. सहावं पान चुकीचं आहे आणि ते बदलायलाच हवं. तीनही बल्ब एका मापाचे हवेत, किंवा वेगळा द्यायचाच असेल तर तसं सांगून द्या, प्रयोग म्हणून द्या. सेलच्या दोन टोकांना सरळ वायर लावू नका हा इशारा कुठेच नाही, माझ्याकडे एका सातवीतल्या मुलाने लावली, दहा-पंधरा सेकंदात चिमटा हाताला चटका बसेल इतका तापला. अँपिअर मोजायचा मीटर थेट सेलला लावायचा नाही हेसुद्धा लिहायला हवं.

दुकानदार काकांचं मात्र मनापासून कौतुक. बल्ब बदलायला गेले तेव्हा माझ्याकडे पावती नव्हती, तरी "दाखवा ताई" म्हणून बल्ब हातात घेतला, चष्मा वर करून टोपीवरचं वाचलं, आणि एक बरणी उपडी करून त्यातून २.५ आणि ०.३ वाले शोधून तीन दिले, पैसे एकाचे पण घेतले नाहीत. सहाव्या पानाचं मी त्यांना दाखवलं, ते म्हणाले किट आम्ही बनवत नाही, माल भरणाऱ्याला सांगतो. त्यांनी ते पान मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलं, मी दुसरा फोटो आमच्या वहीतल्या तीन जागच्या ०.२७ चा दिला.

पाच पैकी साडेतीन. आठवी-नववीच्या मुलांना घ्या, घेताना बॉक्स तिथेच उघडा आणि तिन्ही बल्बांच्या टोप्या वाचा, दोनशे-तीनशेचा मल्टिमीटर आणि तीन रोधक त्याच फेरीत घ्या, सगळं मिळून आठशेच्या आत बसतं. मी ट्यूशनसाठी अजून चार किट सांगितलेत, भाचीने स्वतः बसून सहाव्या पानावर चिकटवायची चिठ्ठी लिहून दिलीय, चार प्रती, तिच्याच अक्षरात, खाली तिन्ही आकडे आणि बल्ब अदलाबदल करून बघा असं.